कॉट बेसिसवरून अख्ख्या फ्लॅटमध्ये!

क्लाउडवरचं व्हर्च्युअल मशीन सोडायचं आणि अख्खा सर्व्हर स्वतःच्या ताब्यात घ्यायचा, असा उलटा प्रवास काही कंपन्यांनी गेल्या दशकभरात केला. यात पैसे वाचतात, वेग मिळतो. पण डेटा हातचा जाण्याची भीतीही याच प्रवासात सगळ्यात जास्त असते. हे शिफ्टिंग नेमकं कसं होतं, कुठे अडतं आणि ते कॉलेजमध्ये असतानाच का शिकून घ्यावं, त्याविषयी...

पुण्यात शिकायला आलेल्या कुणालाही 'कॉट बेसिस' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एक फ्लॅट, त्यात सहा कॉट, प्रत्येकाचं एक कपाट. भाडं परवडतं, महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं, नळ बिघडला तर मालक बघतो. अडचण एवढीच की सकाळी साडेसातला बाथरूम कुणाला मिळेल, हे आपल्या हातात नसतं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे जवळपास हेच. एका दणकट सर्व्हरवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते त्या सर्व्हरचे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे पाडतं. प्रत्येक वाट्यात एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि तिला वाटतं, आपण अख्ख्या मशीनवर एकटेच आहोत. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकातच मेनफ्रेमवर हे करून दाखवलं होतं. १९९८मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन झाली आणि साध्या सर्व्हरवरही हे रुळलं. २००६मध्ये ॲमेझॉनने 'ईसी२' सेवा सुरू केली आणि क्रेडिट कार्ड असलेल्या कुणालाही तासाच्या भाड्याने मशीन मिळू लागलं. आज कॉलेज फेस्टची वेबसाइट असो की फायनल इयरचा प्रोजेक्ट, आपण सरळ एक 'व्हीएम' घेतो आणि कामाला लागतो.

याउलट डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे अख्खा फ्लॅट. तो विकत घ्या किंवा भाड्याने. पण आत राहणारे फक्त तुम्ही. बाथरूम तुमचं. आणि नळ गळायला लागला तर प्लंबर शोधणारेही तुम्हीच!

हे लोक उलटे का निघाले?

'बेसकॅम्प' हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ॲप आणि 'हे' ही ईमेल सेवा चालवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीर केलं, की आम्ही क्लाउड सोडतोय. या कंपनीचे एक मालक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हे 'रुबी ऑन रेल्स' या फ्रेमवर्कचे जनक, त्यामुळे चर्चा तर होणारच होती. त्यांनी आकडेच मांडले. २०२२ या एका वर्षात कंपनीने क्लाउडवर सुमारे ३२ लाख डॉलर खर्च केले होते. मग त्यांनी सुमारे ७ लाख डॉलरचे डेलचे सर्व्हर विकत घेतले. २०२३च्या जूनपर्यंत त्यांची ॲप्स या नव्या मशीनवर आली आणि पुढे क्लाउडचं वार्षिक बिल १३ लाख डॉलरच्या आसपास उतरलं. पाच वर्षांत ७० लाख डॉलर वाचतील असा त्यांचा आधीचा अंदाज होता. नंतर तो त्यांनी १ कोटींवर नेला.

त्याआधी ड्रॉपबॉक्सने हाच रस्ता पकडला होता. तुमच्या-आमच्या फाइल्स त्यांनी सुरुवातीला ॲमेझॉनच्या स्टोरेजवर ठेवल्या होत्या. मग त्यांनी स्वतःची यंत्रणा उभारली आणि ऑक्टोबर २०१५पर्यंत ग्राहकांचा ९० टक्के डेटा तिच्यावर हलवला. हा डेटा होता पाचशे पेटाबाइटच्या घरातला. शेअर बाजारात उतरताना दिलेल्या कागदपत्रांत कंपनीने सांगितलं, की दोन वर्षांत त्यांचा खर्च सुमारे साडेसात कोटी डॉलरने कमी झाला.

या दोन्ही कंपन्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांचं काम रोज साधारण तेवढंच असतं. आज जेवढा लोड, उद्याही जवळपास तेवढाच. अशा कामाला दर तासाला भाडं भरणं म्हणजे पाच वर्षं एकाच शहरात राहायचं ठरलेलं असताना रोजच्या दराने लॉजवर राहण्यासारखं.

पण उड्या मारू नका

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २००८मध्ये नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सर्व्हरवरचा डेटाबेस बिघडला. तेव्हा ही कंपनी घरोघरी डीव्हीडी पाठवायची. तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्या धक्क्यानंतर त्यांनी क्लाउडवर जायचं ठरवलं आणि जानेवारी २०१६मध्ये ते स्थलांतर पूर्ण झालं. गंमत म्हणजे आपण बघतो तो व्हिडिओ मात्र आजही नेटफ्लिक्स स्वतःच्या खास सर्व्हरवरून पाठवतं. 'ओपन कनेक्ट' नावाचे हे डबे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडेच बसवलेले असतात. म्हणजे एकाच कंपनीत कॉट बेसिसही आहे आणि फ्लॅटही!

तेव्हा प्रश्न 'क्लाउड चांगला की सर्व्हर' असा नसतो. आपलं काम कसं आहे, हा असतो. बारावीचा निकाल आठवा. वर्षभर ज्या साइटकडे कुणी फिरकत नाही, तिच्यावर निकालाच्या दुपारी लाखो पोरं आणि त्यांचे पालक एकदम तुटून पडतात. अशा कामाला दोन दिवसांपुरती शंभर मशीन भाड्याने घेऊन परत करता येणं हे वरदान आहे. त्यासाठी शंभर सर्व्हर विकत घेऊन वर्षभर धूळ खात ठेवणं हा वेडेपणा.

मग हलायचं कधी? साधारण चार कारणं खरी असतात. एक, लोड सारखा आणि कायमचा आहे. दोन, शेजाऱ्यांचा त्रास होतोय. तीन, डेटा बाहेर पाठवण्याचं बिल मूळ भाड्याच्या वर गेलंय. चार, जीपीयू किंवा वेगवान एनव्हीएमई डिस्कची सगळी ताकद हवी आहे.

शेजाऱ्यांचा त्रास मोजताही येतो. लिनक्सवर 'टॉप' ही कमांड चालवा. प्रोसेसरच्या ओळीत अगदी शेवटी 'एसटी' असा आकडा दिसतो. एसटी म्हणजे लाल परी नव्हे, 'स्टील'. तुमच्या मशीनला काम करायचं होतं, पण हायपरवायझरने प्रोसेसर दुसऱ्याला दिला, त्या वेळेची ती टक्केवारी. हा आकडा शून्याजवळ असेल तर शेजारी भले आहेत. तो सतत वर राहत असेल तर तुमचं ॲप संथ असण्याचं कारण तुमचा कोड नसेलही.

शिफ्टिंगचे तीन रस्ते

पहिला रस्ता : नवीन सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम कोरी टाकायची, लागतील ती सॉफ्टवेअर बसवायची आणि जुन्या व्हीएममधून फक्त डेटा आणि सेटिंग्ज आणायच्या. वेळ जास्त लागतो. पण तीन वर्षांत साठलेला कचरा जुन्या घरीच राहतो. अनुभवी लोक शक्यतो हाच रस्ता सुचवतात. थर्टीसेव्हन सिग्नल्सनेही आपली ॲप्स कंटेनरमध्ये बांधली आणि ती कुठल्याही मशीनवर चढवता येतील असं एक साधन लिहिलं. ते आता 'कमाल' या नावाने कुणालाही फुकट वापरता येतं. कमाल हे अरब दर्यावर्दींच्या अक्षांश मोजायच्या उपकरणाचं नाव!

दुसरा रस्ता : अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलायची. व्हीएमची डिस्क ही शेवटी एक मोठी फाइलच असते. तिची प्रतिमा घ्यायची, 'क्यूईएमयू'च्या साधनाने ती 'रॉ' स्वरूपात बदलायची, नवीन सर्व्हर रेस्क्यू मोडमध्ये सुरू करायचा आणि 'डीडी' कमांडने ती खऱ्या डिस्कवर उतरवायची. जुनं सॉफ्टवेअर पुन्हा बसवणं शक्यच नसेल, कारण ते बसवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलाय, तेव्हा हा रस्ता कामी येतो.

तिसरा रस्ता : फ्लॅट घ्यायचा, पण आत पुन्हा कॉट मांडायच्या, फक्त सगळ्या आपल्याच. म्हणजे नवीन सर्व्हरवर प्रॉक्समॉक्ससारखा हायपरवायझर टाकायचा आणि जुनं व्हीएम त्यात आणून ठेवायचं. थोडी ताकद हायपरवायझर खातो. पण स्नॅपशॉट घेण्याची सोय राहते, एकाच सर्व्हरवर टेस्टिंगचं वेगळं मशीनही ठेवता येतं. बाहेरचा शेजारी कुणी नाही. लहान टीमसाठी हा मधला मार्ग बऱ्याचदा सगळ्यात शहाणपणाचा ठरतो.

मशीन उठत नाही, तेव्हा...

दुसरा रस्ता दिसायला सोपा आहे, पण खरी मेख तिथेच आहे. व्हीएमचं हार्डवेअर नकली असतं. तिथली ऑपरेटिंग सिस्टीम त्या नकली हार्डवेअरला सरावलेली असते. खऱ्या लोखंडावर आणल्यावर ती गांगरते. कुठे गांगरते, ते आधी माहीत असेल तर रात्र वाचते.

डिस्कचं नाव बदलतं : व्हीएममध्ये डिस्क 'व्हीडीए' असते, खऱ्या सर्व्हरवर ती 'एसडीए' किंवा 'एनव्हीएमई'ने सुरू होणाऱ्या नावाची होते. 'एफएसटॅब' या फाइलमध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर सिस्टीम डिस्क शोधत बसते. तिथे नावाऐवजी यूयूआयडी वापरा, हा त्यावरचा उपाय.

ड्रायव्हरच नसतो : लिनक्स सुरू होताना आधी एक छोटी तात्पुरती फाइल सिस्टीम मेमरीत चढते, तिला 'इनिटरॅमएफएस' म्हणतात. रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टीम ती बनवताना त्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर घेतात. खऱ्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात नसतोच. डेबियनमध्ये तर क्लाउडसाठी वेगळा, हलका केलेला कर्नल मिळतो. त्यातून खऱ्या हार्डवेअरचे अनेक ड्रायव्हर काढून टाकलेले असतात. म्हणून डिस्कची प्रतिमा घेण्याआधीच व्हीएममध्ये नेहमीचा कर्नल टाका आणि सगळ्या ड्रायव्हरसह ही फाइल पुन्हा तयार करा. विंडोजमध्ये याच दुखण्याचं रूप म्हणजे निळा पडदा आणि 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश.

नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं : हा सगळ्यात छळणारा प्रकार. मशीन व्यवस्थित सुरू झालेलं असतं, पण नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'ईएनएस३' लिहिलेलं आणि खरं कार्ड 'ईएनओ१'. परिणाम, सर्व्हर जिवंत आणि तुम्ही बाहेर! एसएसएच लागत नाही. अशा वेळी सर्व्हरच्या मदरबोर्डवरची वेगळी देखरेखीची चिप कामी येते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. तिच्यातून दूर बसून सर्व्हरचा स्क्रीन दिसतो, तो बंद-चालू करता येतो. सर्व्हर घेताना ही सोय आहे का, हे आधी विचारा. तिचा पासवर्ड मात्र बदला आणि ती उघड्या इंटरनेटवर ठेवू नका.

बूटची पद्धत जुळत नाही : जुनं व्हीएम बायोस पद्धतीने सुरू होत होतं, नवा सर्व्हर फक्त यूईएफआय ओळखतो. मग बूटलोडर नव्याने बसवावा लागतो. याखेरीज व्हीएममध्ये राहिलेली क्लाउड-इनिटसारखी सॉफ्टवेअर नव्या घरातही जुन्या मालकाला हाका मारत बसतात. ती काढून टाका.

खरी परीक्षा : बदलाची रात्र

मशीन उठलं म्हणजे काम झालं, असं नव्हे. आता चालू साइट जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी वळवायची असते. आणि डेटा हरवतो तो बहुतेक इथेच.

समजा कॉलेजच्या टेक फेस्टची नोंदणी सुरू आहे. फाइल्स कॉपी व्हायला लागल्या तेव्हा ४०० नावं होती. कॉपी संपेपर्यंत आणखी ३० जणांनी फॉर्म भरला. ती ३० नावं जुन्या मशीनवर राहिली. त्यातल्या कुणी पैसेही भरले असतील. फेस्टच्या दिवशी हा मुलगा गेटवर पावती घेऊन उभा राहतो आणि यादीत त्याचं नाव नाही. पुढचं सांगायला नको.

म्हणून क्रम महत्त्वाचा. एक दिवस आधी डोमेनच्या डीएनएस नोंदीचा 'टीटीएल' कमी करायचा. तो ८६,४०० सेकंद असेल तर काही लोक बदलानंतरही दिवसभर जुन्याच पत्त्यावर जात राहतील. तो ३०० केला की पाच मिनिटांत बहुतेक जण नव्या पत्त्यावर येतात. मग साइट चालू असतानाच 'आरसिंक'ने सगळ्या फाइल्सची पहिली कॉपी करून घ्यायची. वेळेचा हिशेबही आधीच मांडायचा : १०० जीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला, लाइन पूर्ण मिळाली तरी, सव्वादोन तास लागतात. त्यानंतर साइटवर 'काम सुरू आहे' अशी पाटी लावून नवीन नोंदी थांबवायच्या. आता आरसिंक पुन्हा चालवायचं. या वेळी फक्त बदललेलं जातं, म्हणून ते पटकन संपतं. डेटाबेस मात्र चालू असताना त्याच्या फाइल्स नुसत्या उचलायच्या नाहीत. अर्धवट लिहिलेली पानं येतात आणि डेटाबेस उघडतच नाही. त्याचा रीतसर डंप काढायचा किंवा आधीपासून रेप्लिकेशन लावून ठेवायचं.

मग तपासणी. जुन्या आणि नव्या टेबलांतल्या ओळी मोजायच्या. लॉगिन होतंय का, ईमेल जातोय का, पेमेंट परत येतंय का, प्रमाणपत्राचं नूतनीकरण लागतंय का, रात्री आपोआप चालणारी कामं एकाच मशीनवर चालताहेत ना, हे एकेक बघायचं. सगळं जमलं की डीएनएस बदलायचा.

जुनं व्हीएम लगेच उडवू नका. आठवडाभर ठेवा, पण त्यात नवीन नोंद होणार नाही अशा अवस्थेत. दोन्ही ठिकाणी नोंदी होत राहिल्या तर नंतर त्या एकत्र करणं म्हणजे दोन पंगतींचं वाढलेलं जेवण पुन्हा पातेल्यात वेगळं करण्यासारखं. आणि परत फिरायचा निर्णय नवीन नोंदी सुरू होण्याआधी घ्या. एकदा का नव्या मशीनवर लोकांनी फॉर्म भरले, की मागे फिरताना ते फॉर्म हरवतात. बदलाच्या रात्री 'अमुक वाजेपर्यंत जमलं नाही तर परत' ही वेळ कागदावर लिहून ठेवायची ती यासाठीच.

फ्लॅट घेतल्यानंतरचं घरकाम

क्लाउडवर एखादा सर्व्हर मेला तर तुमचं व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर उठवता येतं. आता तसं होणार नाही. पॉवर सप्लाय जळला तर साइट बंद. डिस्क तर कधीतरी जाणारच. म्हणून निदान दोन डिस्क रेड-१ मध्ये लावतात. दोन्हींवर तोच डेटा. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कोरून ठेवा. तुम्ही चुकून टेबल डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने डिलीट होतं! बॅकअप वेगळ्या मशीनवर, शक्यतो वेगळ्या इमारतीत. स्नॅपशॉट घेऊन 'अपडेट बिघडलं तर मागे जाऊ' ही चैनही साध्या डिस्कवर आपोआप मिळत नाही.

सर्व्हर घरी ठेवायचीही गरज नसते. थर्टीसेव्हन सिग्नल्सनेही स्वतःचं डेटा सेंटर बांधलं नाही. दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये जागा घेऊन सर्व्हर ठेवले. आपल्याकडे तर हा उद्योग दाराशी आहे. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. ॲमेझॉनने २०१६मध्ये भारतातलं आपलं पहिलं केंद्र सुरू केलं, तेही मुंबईतच. ठाण्याहून लोकलने ऐरोलीला जाणाऱ्यांपैकी कित्येकांना कल्पनाही नसते, की 'क्लाउड' नावाचा ढग आपल्या खिडकीबाहेरच्या सिमेंटच्या इमारतीत बसलाय. तिथे वीज, कूलिंग, केबल आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं लागतात आणि त्यांना कोडइतकंच लोखंडही कळावं लागतं.

घरी करून बघा

यासाठी लाख रुपये नकोत. घरात किंवा डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये पडून असलेला एखादा जुना डेस्कटॉप चालेल. आधी त्यातले फोटो आणि कामाच्या फाइल्स दुसरीकडे काढा. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू सर्व्हर टाका, त्यावर वर्डप्रेस किंवा स्वतःचं छोटं ॲप डेटाबेससकट चालवा. पन्नासेक नोंदी भरा. मग पहिल्या रस्त्याने ते डेस्कटॉपवर हलवा. जमलं की सगळं पुसून दुसऱ्या रस्त्याने हलवा आणि मशीन का उठत नाही ते शोधा. 'डीडी' चालवताना डिस्कचं नाव तीनदा वाचा. चुकीच्या डिस्कवर चालली तर ती काही न विचारता सगळं पुसते. तिला 'डिस्क डिस्ट्रॉयर' असं टोपणनाव उगाच पडलेलं नाही.

प्रत्येक टप्प्याला काय केलं, किती वेळ लागला, काय अडलं हे वहीत टिपत जा. नोकरीच्या मुलाखतीत 'मला क्लाउड येतं' असं सगळेच म्हणतात. 'सर्व्हर उठला पण नेटवर्क लागेना, कारण कार्डाचं नाव बदललं होतं, ते मी असं शोधलं' हे सांगणारा उमेदवार समोरच्याच्या लक्षात राहतो.

आणि हे सगळं करायला वेळ नसेल तर या रविवारी एकच काम करा. तुमच्या प्रोजेक्टचा शेवटचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा. तो उघडला, तर पुढच्या शिफ्टिंगची अर्धी तयारी झाली. नाही उघडला, तर ते आज कळलं, सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे.